पक्षी उडाला

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी कंपनीच्या बसमध्ये उभा होतो, एका हातात वरचा दांडा, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी, आणि तेवढ्यात गावाकडून गुरुजींचा फोन. गुरुजी फोनवर आधी खोकतात आणि मग बोलतात. म्हणाले, "अरे, तुझा तो पक्षी उडाला बघ." मला काही कळंना. कोणता पक्षी गुरुजी? "कॉम्प्युटरातला रे. वरच्या कोपऱ्यातला. ज्याच्यावर दाबलं की ग्रंथ उघडायचा तो. रविवारी होता, काल वाचनालयाला सुट्टी, आज पोरीनं मशीन चालू केलं तर नाही." मागून त्या पोरीचा आवाज येत होता, आठवीतली आहे, इंग्रजी एकेक अक्षर लावून वाचत होती, मॅ-नि-फेस्ट फाइल इज मिसिंग. ते ऐकलं आणि माझा हात आपोआप बॅगेच्या पुढच्या कप्प्यात गेला. तिथं पेन ड्राइव्ह होता. निळा, टोपण हरवलेला. पक्षी माझ्याच खिशात बसून पुण्याला आला होता.

तो पक्षी म्हणजे किवी, किविक्स नावाच्या सॉफ्टवेअरचं चिन्ह. किवीला उडता येत नाही हे गुरुजींना माहिती असणारच, चाळीस वर्ष शाळा केलेला माणूस. पण शब्द असा चपखल बसला होता की मी काही बोललो नाही.

तर झालं असं होतं. दिवाळीला गावी गेलो होतो. गाव गंगाखेडच्या पलीकडं, गंगेच्या काठाला, गोदावरीला आमच्याकडं कुणी गोदावरी म्हणत नाही, पुस्तकातच म्हणतात. गावात वाचनालय आहे, दोन खोल्या, तीन कपाटं, आणि कुणीतरी ऑफिस बदलताना देऊन टाकलेले दोन कॉम्प्युटर. विंडोज ७ वाले. नेट नाही. म्हणजे टॉवर दिसतो, लांबून दिसतो, पण रेंज वाचनालयाच्या पत्र्याखाली शिरत नाही, ती मारुतीच्या पारावर येते आणि तिथंच बसते म्हाताऱ्यांसारखी. मागच्या खेपेला गुरुजी म्हणले होते की लेकरं नुसती रेघोट्या ओढत बसतात त्याच्यावर, काही वाचायला टाक की. मला किविक्स माहिती होतं. २००७ पासून आहे ते, जिथं नेट पोचत नाही तिथं अख्खा विकिपीडिया एका फाइलीत बांधून नेता यावा म्हणूनच काढलेलं. झिम म्हणतात त्या फाइलीला. मराठी विकिपीडिया २००३ च्या १ मे ला सुरू झाला, आपल्या महाराष्ट्र दिनाला, आणि एवढ्या वर्षांचं सगळं जमलेलं एका पेन ड्राइव्हमध्ये आरामात मावतं वर जागा उरते. मी पुण्यात रात्रभर लावून झिम उतरवली, पेन ड्राइव्हमध्ये घातली, लॅपटॉप रूमवरच ठेवला कारण दिवाळीला ऑफिसचं तोंड बघायचं नव्हतं, आणि फराळाला निघालो.

विसरलो काय, तर ती फाइल उघडायला जे लागतं ते. किविक्सचं वेगळं ॲप पण आहे, पण ते त्या जुन्या मशीनवर काही चाललं नाही, आणि माझ्या लॅपटॉपवर मी क्रोम ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, वापरायचो. कोपऱ्यात पक्षी होता. रोज दिसायचा. त्यामुळं तो आपल्याकडं आहे असंच डोक्यात बसलेलं. पण घरात रोज दिसणारी वस्तू आणि घरातून उचलून नेता येणारी वस्तू यात फरक असतो हे काय सुचलं नाही. भिंतीवरची पाल पण रोज दिसते.

वाचनालयात फोनचं हॉटस्पॉट लावलं, पत्र्याखालून बाहेर ओट्यावर फोन ठेवला, वर स्टीलची ताटली उभी केली, कुणीतरी सांगितलं होतं त्यानं रेंज खेचती. क्रोमच्या स्टोअरचं पान उघडलं, अर्धं. निळं बटण आलं, ब्राउझरमध्ये जोडा म्हणून. दाबलं, गोल फिरलं, नेटवर्क फेल. परत. परत. पोरं भोवती उभी, गुरुजी खुर्चीत. मग मी म्हणलं जाऊ दे, फाइलच डाउनलोड करून घेऊ, रात्री पारावर बसून फोनमध्ये उतरवू आणि सकाळी वायरनं इकडं टाकू. आणि डाउनलोडचं बटण शोधायला लागलो. वर बघितलं, खाली बघितलं, पान घासून घासून बघितलं. नाहीच. असं बटणच नाही. जोडा एवढंच आहे, इथंच, आत्ताच, ह्याच मशीनवर, नेट चालू असताना. एखाद्या हॉटेलात पाटी असावी ना की पार्सल मिळणार नाही, बसून खायचं असेल तर खा. आणि गंमत म्हणजे जी वस्तू नेट नसलेल्या माणसांसाठीच बनवलीय ती घ्यायला सुद्धा नेट पाहिजे. छत्री हवी तर पावसात भिजत दुकानापर्यंत या.

मला राग आला तो ह्या गोष्टीचा जास्त, की मला हे दहा वर्षांत कधी खटकलंच नव्हतं.

आमची माणसं भरून ठेवणारी. हे रक्तातच आहे, कारण पाऊस कधी दगा देईल सांगता येत नाही. माझी माय चैत्र लागला की गहू भिजत घालायची तीन दिवस, त्या चिकाचा आंबूस वास अख्ख्या घरात, माळवदावर बाज टाकून त्याच्यावर धोतर पसरून कुरडया, खारवड्या, सांडगे, आणि मी काठी घेऊन कावळे हाकायला. कुरडईची अर्धी ओली अर्धी वाळलेली कड तोडून खायची ती चव मला अजून कुठं भेटली नाही. आज्याच्या वाड्यात बळद होतं, भिंतीत, वरून ज्वारी ओतायची आणि खालच्या भोकातून काढायची, आत कडुलिंबाचा पाला. त्याच्याही आधी पेव होतं म्हणे अंगणात, जमिनीखाली. पेवात उतरायच्या आधी कंदील सोडून बघायचे, कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही, आतली हवा मारायची. धान्य साठवायला जिवाचा धोका पत्करायचे लोक. आणि २०१६ ला तर मी स्वतः लातूरला होतो, एका क्लासमध्ये एमएस-सीआयटी शिकवायला, पहिली नोकरी. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं होतं, गर्दी करायची नाही. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. सगळे टीव्हीवर बघत होते, आम्ही मात्र घागरी मोजत होतो. मी राहायचो तिथल्या काकूंनी ड्रमला कुलूप घातलं होतं, आणि रात्री कुणी उठलं की त्या आवाज द्यायच्या, कोण हाय रे? तेव्हापासून मला कुठंही नळ दिसला की बाटली भरून घ्यावी वाटतं. पुण्यातल्या पोरांना हे सांगून कळत नाही.

गाण्याचं पण तसंच. परभणीला स्टेशन रोडच्या मोबाइल दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, २ जीबीचं कार्ड द्यायचं, दुकानवाला विचारायचा कोणते टाकू, जुने का नवे का भीमगीतं का भक्तीगीतं, आणि वीस रुपयांत महिनाभराची सोय. त्यात मधेच कुणाच्या तरी लग्नाचं रेकॉर्डिंग पण यायचं. डिजिट मासिकाबरोबर सीडी मिळायची, नंतर डीव्हीडी, ती मी शर्टाच्या आत धरून बसनं गावाकडं आणायचो, ओरखडा पडू नये म्हणून. त्यातलं निम्मं सॉफ्टवेअर मला लागायचं पण नाही. पण आपल्याकडं आहे, कपाटात आहे, लागलं तर आहे. त्या आहे मध्ये काय सुख होतं ते आता नीट सांगता येत नाही.

असो. त्या रात्री पारावर बसलो, थंडी पडायला लागली होती, मफलर घेऊन. एक्स्टेन्शनची फाइल सीआरएक्स नावाची असते, आणि ती म्हणजे खरं तर साधी झिप, फक्त तिच्या डोक्यावर एक पट्टी चिकटवलेली असते, सही-शिक्क्याची. पट्टीची सुरुवात सीआर२४ अशा चार अक्षरांनी. अशा फाइली काढून देणाऱ्या साइटी पण आहेत, ज्यांच्यावर डाउनलोडची पाच बटणं असतात आणि त्यातली चार खोटी. तसल्या एका साइटीवरून कशीबशी फाइल उतरवली. सकाळी वाचनालयात नेली, एक्स्टेन्शनच्या पानावर ओढून सोडली, तर लाल अक्षरात आलं, पॅकेज इनव्हॅलिड, सीआरएक्स रिक्वायर्ड प्रूफ मिसिंग. त्या साइटीनं फाइल सोडून परत स्वतः बांधली होती आणि स्टोअरची सही काही तिच्यावर नव्हती. गुरुजींनी चष्मा सारखा केला, विचारलं, काय म्हणतंय? म्हणलं, पुरावा नाही म्हणतंय गुरुजी. गुरुजी हसले. म्हणले, "इथं पण? खासरा पत्रकाची नक्कल लावून बघ." १९५५ च्या आसपासच्या खासरा पत्रकासाठी, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदीसाठी, आमच्या भागातल्या माणसानं किती हेलपाटे घातलेत ते इकडं वाचणाऱ्याला सांगायला नको.

ती फाइल मी सेव्हन-झिप नावाच्या, झिप उघडायच्या प्रोग्राममध्ये उघडून पण बघितली. म्हणलं पट्टी फाडू आणि आतला माल घेऊ. तर आत दोन-तीन फाइली अशा होत्या की ज्यांची नावं मला ओळखीची वाटंनात. असतील चांगल्या, नसतील. लेकरांच्या मशीनवर कशाला टाका, पुसून टाकली.

आणि इथं मला जरा गप बसावं लागलं. कारण विंडोजवर क्रोममध्ये स्टोअरबाहेरची एक्स्टेन्शन बंद करायचा हा नियम २०१४ ला आला तो उगीच नाही आला. त्याच्या आधीचे कॅफेतले कॉम्प्युटर आठवा. ब्राउझर उघडला की वर चार-चार टूलबार, पान दिसायचं फक्त खाली हातभर, सर्च एक करायचं आणि उघडायचं भलतंच. आणि पेन ड्राइव्हचा तर विषयच सोडा. न्यू फोल्डर डॉट ईएक्सई ज्यानं पाहिलं नाही त्यानं २००८ पाहिलं नाही. फोल्डरसारखंच पिवळं चित्र, आपण विश्वासानं डबल क्लिक करायचो आणि मशीन गेलं. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तो कुणी आणला ह्यावरून मोठी भांडणं झाली होती. मीच आणला होता. गाण्याच्या फोल्डरबरोबर. हे आज पहिल्यांदा लिहितोय. म्हणजे माझ्यासारख्या माणसाच्या हातात सुटा माल देऊ नये असं कुणाला वाटलं तर त्यात त्याची चूक काय? हे पण खरंय आणि पारावर बसून बोटं गारठतात ते पण खरंय. फायरफॉक्सवाल्यांची पद्धत मला जरा बरी वाटते, त्यांच्या एक्स्टेन्शनची एक्सपीआय नावाची फाइल बटणावर राइट क्लिक करून उतरवता येते, सही फाइलीच्या पोटातच, नंतर नेट नसताना पण बसते. पण सहीला पण मुदत असती. २०१९ च्या मे महिन्यात त्यांच्याकडं एका सर्टिफिकेटची मुदत संपली आणि जगभरच्या लोकांची चालू असलेली ॲड-ऑन, म्हणजे एक्स्टेन्शनच, एका झटक्यात बंद पडली, दुरुस्ती येईपर्यंत. म्हणजे घरात आणून ठेवलेलं सुद्धा, कुठंतरी लांब एक तारीख उलटली की...

दुपारी रूममेटला फोन लावला. तो देवगडकडचा. माझा लॅपटॉप उघड म्हणलं, त्याच्यात एक्स्टेन्शन सुट्या फाइलीतच ठेवलेलं असतं, ॲपडेटा नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, आत आत आत गेलं की एक्स्टेन्शन्स. तो म्हणाला इथे नऊ फोल्डर आहेत नि नावं म्हणजे काय ती, मांजर कीबोर्डवरून चाललंय काय. बरोबर होतं त्याचं. प्रत्येक एक्स्टेन्शनला बत्तीस अक्षरांचं नाव असतं, आणि त्यात फक्त ए पासून पी पर्यंतचीच सोळा अक्षरं येतात, क्यू पासून पुढचं एक पण नाही. ते नाव स्टोअरच्या पानाच्या पत्त्यात शेवटी असतं, मी पारावर जाऊन एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहून घेतलं होतं. मेसेज जाईना, घड्याळाचं चिन्ह तसंच. पण कॉल लागत होता. मग मी अक्षरं सांगायला सुरुवात केली. एम माजलगावचा. बी बीडचा. जे जिंतूरचा, एच हिंगोली, के कळमनुरी, पी परभणी, डी देगलूर. सी चाकूर. तो म्हणाला हे चाकूर कुठे आलं? ओ उस्मानाबादचा, आता धाराशिव झालंय पण तू ओ लिही. ई आलं आणि मी अडकलो. ई चं गावच सुचंना मराठवाड्यात. पारावरचे दोन म्हातारे पण विचार करायला लागले. एकजण म्हणला, एरंडेश्वर की. आहे खरंच, पूर्णेकडं. बत्तीस अक्षरात अर्धा मराठवाडा फिरून झाला आणि पलीकडून तो म्हणाला, सापडलं रे.

रात्री साडेदहानंतर रेंज मोकळी होते, तेव्हा त्याची झिप आली. तिसऱ्या दिवशी परत वाचनालय. आता गर्दी पण कमी झाली होती, पोरांचा माझ्यावरचा विश्वास उडालेला, फक्त ती आठवीतली पोरगी होती. डेव्हलपर मोड चालू केला, लोड अनपॅक्ड, म्हणजे सुट्या फोल्डरातून एक्स्टेन्शन चालवायचं बटण, दाबलं, पेन ड्राइव्हमधला फोल्डर दाखवला. तर म्हणतंय अंडरस्कोर मेटाडेटा नावाचा फोल्डर चालणार नाही, अंडरस्कोरनं सुरू होणारी नावं आमच्यासाठी राखीव आहेत. तो फोल्डर त्यांनीच ठेवलेला! त्यांच्याच घरातून आणलेला त्यांचाच फोल्डर. पुसला. परत दाबलं.

आणि कोपऱ्यात पक्षी आला.

झिम मी डी ड्राइव्हला टाकलीच होती, ती दाखवली. पोरगी इन्स्क्रिप्टवर टाइप करते, गुरुजींनी शिकवलंय, दोन बोटांनी पण चुकत नाही. मला वाटलं ती गंगाखेड टाकेल नाहीतर जनाबाई. तिनं टाकलं, बिबट्या. उसात बिबट्या आल्याची अफवा होती त्या आठवड्यात. वाचत बसली, ओठ हलवत. मग विचारलं, "सर, ह्याला रिचार्ज किती लागतो?" म्हणलं लागत नाही. तिनं माझ्याकडं असं बघितलं जसं आपण फुकट गॅस देतो म्हणणाऱ्याकडं बघतो. गुरुजींनी मग तिला भूकंप टाकायला लावलं, किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, आणि वाचता वाचता मधेच थांबून ते त्या पहाटेचं सांगायला लागले, भांडी कशी वाजली, इथं परभणीकडं पण, लोक कसे गणपती विसर्जनाहून येऊन नुकते झोपले होते. पोरगी स्क्रीन सोडून त्यांच्याकडं बघत होती. मी बाहेर जाऊन ओट्यावरची ताटली उचलून आणली.

रविवारी संध्याकाळी निघताना पेन ड्राइव्ह काढला. अगदी रीतसर, सेफली रिमूव्ह करून. आता हे ज्याला माहिती आहे तो हसेल, मला पण माहिती होतं, मी स्वतः क्लासमध्ये पोरांना सांगितलंय की अनपॅक्ड एक्स्टेन्शन कॉपी होत नाही, ते जिथं आहे तिथूनच चालतं, फोल्डर हलवला की संपलं. फोल्डर डी ड्राइव्हला टाकायचा राहिला, मी थेट पेन ड्राइव्हवरूनच लोड केलं होतं. माय डबा भरत होती, चिवडा, शेंगाची चटणी, बस चुकेल म्हणून सगळे ओरडत होते. बळद भरून खालचं भोक उघडंच ठेवून आलो.

त्या मंगळवारी संध्याकाळी रूमवर आल्यावर मी नीट शोधलं, तर किविक्सवाल्यांनी स्वतःच एक्स्टेन्शनची झिप उतरवायला ठेवलेली. साधी लिंक. दाबा आणि घ्या. स्टोअरच्या बाहेर मी बघितलंच नव्हतं तेव्हा, सगळी दुकानं एकाच गल्लीत असतात अशी सवय लागलेली. मग मी पेन ड्राइव्हमध्ये ती झिप सोडून ठेवली, शेजारी फायरफॉक्सचं विंडोज ७ वर चालणारं शेवटचं ११५ चं इन्स्टॉलर, सगळं दोन-दोनदा. एका कागदावर मराठीत पायऱ्या लिहिल्या, पहिलीच पायरी, फोल्डर आधी डी ड्राइव्हला टाकणे, खाली दोन रेघा. फराळाच्या रिकाम्या डब्यात कागद आणि पेन ड्राइव्ह घातला, डबा जुन्या बनियनमध्ये गुंडाळला, आणि रात्री गंगाखेडला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडं दिला. त्यानं डबा हलवून बघितला. काय आहे? म्हणलं, पुस्तक आहे. "एवढंच?" म्हणला, आणि केबिनमध्ये गणपतीच्या फोटोखाली ठेवला.

सकाळी सातला गुरुजी स्वतः स्टँडवर गेले होते डबा घ्यायला. दहा वाजता पोरीचा फोन, गुरुजींच्या फोनवरून, सर बसलं. दोनच शब्द. मी विचारलं कागदावरची पहिली पायरी केली का? हो म्हणली.

संक्रांतीला गेलो तेव्हा वाचनालयात डोकावलो. पक्षी कोपऱ्यात होता. मी सहज बघितलं, फोल्डर डी ड्राइव्हला होता, तिथूनच चालत होता, सगळं व्यवस्थित. आणि तरी पेन ड्राइव्ह मशीनला तसाच लावलेला होता, त्याच्यावरून खाकी चिकटपट्टीचे तीन-चार वेढे, आणि पट्टीवर गुरुजींच्या त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, काढू नये. आता त्याची काही गरज नाही हे मी सांगणार होतो. पोरगी म्हणाली, "सर, हात नका लावू त्याला." मी हात मागं घेतला आणि तिळगूळ दिला.